वेणूकाकूंचा नगारा

सुमंत : हात लावू नकोस आता. आधीच हाडं मोडून आणली आहेत तुम्ही त्याची. हा टिपरं धरणारा दांडा बघ. लोखंडी आहे. तो इतका वाकायला माणसाला किती राग यावा लागतो?

जयराज : लय यावा लागतो, सर.

(सांगली, विश्रामबाग. सकाळची वेळ. एका बंगल्याच्या पोर्चमध्ये टेम्पोतून उतरवलेलं आरतीचं यंत्र आडवं पडलंय: एक नगारा, दोन घंटा, झांजांची जोडी, मोटर आणि कुलूप लावलेली पेटी. सुमंतांनी ते आईच्या स्मरणार्थ गावच्या भैरोबाला दिलं होतं. यंत्रं आपली आपण कशी चालतात हे शिकवून ते निवृत्त झाले, पण समोरच्याला नापास करायची सवय काही गेलेली नाही. समोर आहे जयराज, देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, फौजेतून सुभेदार होऊन गावी परतलेला. सुमंतांच्या पत्नी पद्माताई पायरीवर मटार सोलत बसल्यात. त्यांना दोघांचंही फारसं कौतुक नाही.)

सुमंत : फौजेत हेच शिकवतात वाटतं. समजलं नाही की मोडायचं.

जयराज : न्हाई. फौजेत बंदूक हातात द्यायच्या आधी तिचा खटका कुठं हाय ते दावत्यात.

सुमंत : चेष्टा पुरे. मला एवढंच सांग, चैत्रातल्या जत्रेच्या आत हे परत उभं राहणार की नाही? दांडा मी इथं एमआयडीसीतून बदलून घेतो. टेम्पो पाठव आणि घेऊन जा. रोज संध्याकाळी सातला देवापुढं माझ्या आईच्या नावानं नगारा वाजतो. घर विकलं, जमीन गेली. त्या गावात आमचं म्हणून एवढंच उरलंय.

जयराज : ह्ये आता देवळात बसायचं न्हाई. गावाची ऑर्डर हाय.

सुमंत : गावाची ऑर्डर. वा. मागच्या वर्षी हेच गाव हार घेऊन रांगेत उभं होतं. तू नारळ फोडलास, तोही चौथ्या आपटीला फुटला.

पद्मा : फुटला ना पण शेवटी. तुमचं भाषण मात्र संपता संपत नव्हतं.

सुमंत : तू मटार सोल. काय रे जयराज, गावाचं म्हणणं काय आहे? देवळात यंत्र चालत नाही? मग ऐक. दोन हजार वर्षांपूर्वी, मिसर देशात, समुद्रकाठच्या एका शहरात नाणं टाकलं की तीर्थ देणारं यंत्र होतं. नाण्याच्या वजनानं दांडी खाली जायची, झडप उघडायची, नाणं घरंगळून पडलं की झडप बंद. कुठं होतं हे? देवळात. देवळाच्या दारात. यंत्र माणसाच्या घरात यायच्या कितीतरी आधी देवाच्या घरात गेलंय.

जयराज : म्हंजी पुजाऱ्यावर भरवसा त्या टायमालाबी नव्हता.

सुमंत : अगदी बरोबर बोललास, चुकून का होईना. लोक नाणं टाकायचे एक आणि तीर्थ घ्यायचे दुप्पट. यंत्रांचा सगळा इतिहास हाच आहे. वाफेच्या इंजिनापाशी आधी माणूस उभा असायचा, वेग वाढला की वाफ कमी करायला. त्याचं लक्ष कुठं, तर भलतीकडं. मग इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे वर जाणार आणि वाफेची वाट आपोआप आवळणार. माणूस गेला घरी. उशिरा येणाऱ्या, झोपा काढणाऱ्या, पारावर बसून राहणाऱ्या माणसाला कंटाळून शहाण्यांनी यंत्रं केली. आणि तुमच्या गावात असा माणूस कोण होता, ते मी सांगायला नको.

जयराज : नाथाजी.

सुमंत : नाथाजी गुरव. त्यानंच तोडलंय हे. यंत्र आल्यापासून पोटात दुखत होतं त्याच्या. बापजाद्यांपासून नगारा बडवतोय म्हणून मोठा कलावंत समजायचा स्वतःला. अरे, आठशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानाकडच्या एका राजाच्या पदरी एक कारागीर होता. त्यानं राजाच्या मेजवानीसाठी होडी केली आणि होडीत वाजंत्री बाहुले बसवले. पाण्याच्या जोरावर आडवा दांडा फिरायचा. दांड्याला खुंट्या. खुंटी आली की बाहुल्याचा हात ढोलावर. हे जे तू मोडून आणलंयस ना, ते तेच आहे. पाण्याच्या जागी मोटर, एवढाच फरक. नाथाजीपेक्षा तो बाहुला बरा. निदान वेळेवर वाजवायचा.

जयराज : नाथाजी वेळेव येत नव्हता, ह्ये खरं हाय. आमीबी लय बोललो त्येला. माणसं आरतीला तिष्टत हुबी, आन ह्यो पारावर बसून तंबाकू मळतोय. हाक मारली की आनखी सावकाश यायचा. नारळाच्या वाट्यावरनं तर दर जत्रंला भांडान. यंत्राचा ठराव आला तवा पयला हात माजा वर गेला.

सुमंत : मग त्याला बोलाव आणि विचार, का तोडलंस म्हणून.

जयराज : कसं विचारू?

सुमंत : तोंडानं विचार. एवढी मोठी मिशी ठेवलीयस.

जयराज : नाथाजी गेला, सर. सोमवारी.

पद्मा : अगबाई. कशानं हो?

जयराज : दुपारचं जेवला. जरा पडतो म्हनला. बायकू, बनुबाई, चहाला उठवाय गेली तर अंग गार. पोरगा पुण्याला असतोय, यशराज. त्यो येईस्तवर मयत अंगनातच ठेवली हुती.

सुमंत : वाईट झालं. माणूस तसा... असो. पण त्याच्या जाण्याचा आणि यंत्र मोडण्याचा काय संबंध?

जयराज : तुमी गावातच वाढला न्हवं?

सुमंत : दहावीपर्यंत.

जयराज : मग ठावं असंल. गावात मयत पडली की देवळात काय वाजत न्हाई. येताजाता घंटासुदिक कोन हलवत न्हाई. मयत शिवंभाईर गेली, माणसं अंघोळी करून आली, मग देवाला पानी आन मग आरती. कितीबी उशीर हुंद्या. आन नाथाजीचं दार म्हंजी देवळाच्या दाराम्होरं. मधी निसती वाट.

पद्मा : आणि सात वाजले.

जयराज : सात वाजलं, काकू.

सुमंत : बंद करायचं. त्यात काय एवढं?

जयराज : कुठनं बंद करायचं?

सुमंत : पेटीतून.

जयराज : पेटीला कुलूप. किल्ली तुमच्या जुडग्यात, हितं सांगलीला. तुमीच म्हनला हुता, अडाण्यांचे हात आत जायला नकोत म्हनून. माईकवर म्हनला हुता. आमी टाळ्याबी वाजवल्या.

सुमंत : म्हणावं लागतं तसं. गावच्या शाळेला मी टीव्ही दिला होता, आठवतंय? त्याच्यावर घोंगडं वाळत घातलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. उघडी पेटी ठेवली असती तर आठवड्यात कुणीतरी त्यात उदबत्त्या खोचल्या असत्या.

जयराज : खोचल्या असत्या. न्हाई कुठं म्हनतोय मी.

सुमंत : आणि कुलूप होतं म्हणून काय झालं? फ्यूज काढायचा होता.

जयराज : काढला की. मीच खांबाव चढलो. आख्खी आळी अंधारात गेली. यंत्र जरा थांबलं. मनात म्हनलं, सुटलो. आन मग तुमच्या बॅटरीवर पयल्यापास्नं सुरू.

सुमंत : ते तसंच व्हायला पाहिजे. वीज गेली म्हणून देवाची अर्ध्या तासाची आरती अर्धवट राहू नये. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून, असं मी स्वतः त्यात घातलंय. महिना खपलोय त्याच्यावर.

जयराज : ते आमाला कुठं ठावं? आमाला वाटलं, बॅटरी हाय, उतरंल घटकाभरात. उतरना. हिकडं बायकास्नी अंधारात मयत दिसंना. भामाबाई वरडाय लागली, दिवा करा, दिवा करा. म्हनून परत खांबाव चढलो, फ्यूज घातला. लाईट आली. आन ह्येनं परत पयल्यापास्नं धरलं.

पद्मा : देवा रे.

सुमंत : त्याच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरच वागलंय.

पद्मा : त्याच्या बाजूनं बघायला तुम्ही आहात. बाकीचे मयताच्या बाजूनं बसले होते.

जयराज : वाकळ आनून टाकली नगाऱ्याव. तर टिपरं वाकळंवर आपटाय लागलं. धप, धप. त्यो आवाज तर लयच वाईट. आन तसल्यात यशराजची गाडी आली. पोरगं गाडीतनं उतरलं, म्होरं बाप आडवा, आन देवळात नगारा, घंटा, झांजा, समदं जोरात. कायतरी सण असल्यावानी. त्येनं बापाकडं बघायच्या आधी देवळाकडं बघितलं. ते बघून मला... सर, मी दोनदा सरहद्दीव राहून आलोय. असली शरम कवा वाटली न्हाई.

सुमंत : मला फोन करायचा.

जयराज : केला की. माज्या फोनवरनं केला, पोरांच्या फोनवरनं केला.

सुमंत : मी व्याख्यानात होतो.

पद्मा : विषय सांगा की त्यांना.

सुमंत : विषयाचा इथं काय संबंध?

पद्मा : 'यंत्राने माणसाला मोकळे केले.' ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ. निम्मे नंतरच्या बटाटेवड्यासाठी आलेले. आणि फोन पाहिले होते यांनी, जयराज. घरी आल्यावर मी म्हटलं, गावाकडचे दिसतायत, लावा. तर म्हणाले, देणगी मागत असतील.

सुमंत : मागतातच ते.

जयराज : मागतो, काकू. खोटं न्हाई ते.

पद्मा : आणि त्याच व्याख्यानात काय सांगितलंत, ते सांगू का?

सुमंत : सांग. इतक्या वेळा ऐकलंयस, पाठ असेल.

पद्मा : पाठच आहे. जयराज, तुम्हीही ऐका, फुकट आहे. फ्रान्समध्ये एकानं मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावले. पुठ्ठा सांगेल ती नक्षी कापडावर उमटायची, पुढं संगणकसुद्धा तसल्याच पुठ्ठ्यांवर चालायचे. मग माग वाफेवर गेले, विजेवर गेले. सगळे म्हणाले, झालं, आता माणूस कशाला? पण एक घोळ राहिला होता. धागा तुटला तरी माग आपला चालूच. कापड सगळं वाया. मग जपानात एका सुताराच्या मुलानं मागाला अशी सोय केली की धागा तुटला की माग आपला आपण थांबतो. इथं यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, टाळ्यांचं वाक्य आलं.

जयराज : काय वाक्य?

पद्मा : 'यंत्र चालू करणं कुणालाही जमतं. कुठं थांबायचं हे ज्या दिवशी यंत्राला शिकवलं, त्या दिवशी यंत्र शहाणं झालं.'

सुमंत : वाक्यात चूक काय आहे?

पद्मा : काही नाही. सोन्यासारखं वाक्य आहे. ते सांगलीत वापरलंत, गावाला तेवढं पाठवायचं राहिलं.

सुमंत : तुम्हा दोघांना कळत नाही म्हणून सांगतो. धागा तुटलेला कळायला साधी तार पुरते. समोरच्या अंगणात माणूस मेलाय हे यंत्राला कशानं कळणार? त्याचा सेन्सर अजून जगात निघालेला नाही.

जयराज : आमच्याकडं हुता एक. त्योच मेला.





पद्मा : आठवतंय का? त्याचा फोन आला होता. दिवाळीच्या सुमाराला. फोन मी घेतला, म्हणाला, सरांना सांगा, पेटीची एक किल्ली माझ्याकडं असू द्या. मी तुमच्या हातात फोन दिला आणि तुम्ही हसलात.

सुमंत : हसणारच. त्याचं सोंग मला कळत नव्हतं का? नगारा बडवायला नको, पण करदोट्याला किल्ली अडकवून देवळात मिरवायचं. मान पाहिजे होता त्याला, काम नको होतं.

जयराज : आमच्याकडंबी आल्ता किल्ली मागाय. कमिटीच्या मीटिंगीत. आमीबी हेच म्हनलो. हौस फिटली न्हाई का रं गड्या, म्हनलो. समदी हसली. त्यो उठून गेला.

पद्मा : म्हणजे तेवढ्या बाबतीत शहर आणि गाव एक झालं म्हणायचं.

सुमंत : तो मयताचं काही बोलला नव्हता.

पद्मा : विचारलं कुणी होतं?

सुमंत : बरं, माझी चूक. लिहून देऊ का? आता पुढचं बोल, जयराज. चिडलात, मोडलंत, ठीक आहे. मला शिव्या दिल्या असतील, तेही ठीक आहे. मी काय त्या ऐकायला तिथं नव्हतो.

जयराज : तुमाला कशाला देतील शिव्या? निम्मं गाव तुमाला वळखत न्हाई. नवी पोरं तर मुळीच न्हाईत.

सुमंत : मग यंत्राला दिल्या. देऊ देत.

जयराज : सर, यंत्राला गावात यंत्र कोन म्हनत न्हाई. त्येच्याव पाटी हुती न्हवं, तुमच्या आईच्या नावाची. म्हनून समदी त्येला वेणूकाकूचा नगारा म्हनत्यात. वेणूकाकूचा नगारा वाजला, चला आरतीला. अशी वळख पडली त्येची.

सुमंत : म्हणजे?

जयराज : म्हंजी काय... शिव्या बसल्या त्या नावाला बसल्या. बंद करा त्या वेणीला, इथनं सुरुवात झाली. म्होरचं मी सांगत न्हाई. पोरं लय वंगाळ बोलली. त्येंनी बघितलीबी नव्हती काकूस्नी.

सुमंत : माझ्या आईला? मयताच्या दारात, सगळ्या गावासमोर? तिनं काय केलं होतं त्यांचं? आणि तू, अध्यक्ष ना तू? ऐकून घेतलंस?

जयराज : मीबी दिली असंल एखादी. खांबाव हात भाजला हुता. ध्यानात न्हाई.

सुमंत : माझ्या आईनं आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही. आणि ती पाटी... पाटी कुठाय? इथं पितळेची पाटी होती. तीही तोडलीत? पायाखाली घेतलीत का?

जयराज : न्हाई. पाटीला धक्का लागला न्हाई. तेच सांगाय मी सवता आलोय, न्हाईतर टेम्पोवाला एकटा आला असता.

पद्मा : बसा तुम्ही. त्या खुर्चीवर बसा. आणि सांगा.

जयराज : मी घरनं पहार आनली. म्हनलं, आता कुनाला इचारायचं न्हाई. उगारली, आन तेवढ्यात बनुबाई उठली. तवर उशाला बसून हुती. उठली आन घरात गेली. बाहेर आली ती उलथनं घिऊन. सुतकात देवळाची पायरी कोन चढत न्हाई, काकू. ती चढली. कुनी अडवलं न्हाई. यंत्राम्होरं खाली बसली आन उलथन्याच्या टोकानं त्या पाटीचा एकेक स्क्रू पिळाय लागली. नगारा कानाशी वाजतोय, घंटा वाजत्यात, आन ही आपली सावकाश. बायका म्हनल्या, डोस्क्याव परिनाम झाला. मी म्हनलो, वयनी, सरा बाजूला, लागंल तुमाला.

पद्मा : मग?

जयराज : मान वर न करता म्हनली, 'ह्येंना यायला उशीर झाला की समदी वरडायची. ही बाई तेवढी ताट धरून हुबी ऱ्हायाची. म्हनायची, येऊ द्या की नाथाजीला, देवाला कुठं घाई हाय. तिच्या नावाव घाव घालायचा न्हाई.' चारीबी स्क्रू काढलं. पाटी पदरानं पुसली, पदराखाली घेतली. आन मग मला म्हनली, 'हं. आता मार.'

पद्मा : पाणी आणू का तुम्हाला?

सुमंत : नको.

पद्मा : आणते.

सुमंत : नको म्हटलं ना. ताट जड असायचं तिचं. पितळेचं. हात दुखायचे तिचे. मी म्हणायचो, खाली ठेव की, तो काय येतोय इतक्यात. मला त्याचा राग यायचा. लहानपणापासून यायचा. आईला तिष्ठत ठेवतो म्हणून.

पद्मा : आणि आईंना?

सुमंत : तिला नाही यायचा. कधीच नाही आला. मला ते कळलंच नाही. जयराज, पाटी आत्ता कुठं आहे?

जयराज : बनुबाईकडंच. यशराज म्हनत हुता, देऊन टाक त्येंची त्येंना. तिनं दिली न्हाई. तांदळाच्या डब्याव उभी करून ठेवलीया, भितीला टेकून.

सुमंत : मी येतो तुझ्याबरोबर. टेम्पोत बसतो पुढं.

पद्मा : मीही येते. पण तिथं जाऊन बोलू नका काही. मिसर देश तर अजिबात नको.

सुमंत : नाही बोलणार. नुसता बसेन. तिला जे बोलायचं ते बोलू दे. जयराज, एक विचारतो, खरं सांग. हातचं राखू नकोस.

जयराज : इचारा की.

सुमंत : माझ्याबद्दल काय म्हणाली ती?

जयराज : तुमच्याबद्दल?

सुमंत : हो. पाटी काढताना, किंवा नंतर. कुलूप मी घातलं, किल्ली मी ठेवली. काहीतरी म्हणालीच असेल.

जयराज : न्हाई, सर. तुमचं नावच निघालं न्हाई.